आतल्या चपला

पहिल्या दिवशी सहस्रानं वर्गाच्या दाराशी
बूट काढले, पिशवीतून पांढऱ्या चपला काढून घातल्या
आणि बूट ठेवायला फळी शोधू लागली.
फळी नव्हती.
म्हेत्रेबाई म्हणाल्या, देवळात आलीस का गं?
वर्ग हसला. तीही हसली, जरा उशिरा.
'देऊळ' हा शब्द तिला आठवावा लागला.

चार वर्षं आम्ही देगूला होतो.
तेही कापडाचंच गाव. हे म्हणायचे,
सोलापूरच समज, फक्त थंडीत नळ गोठतो.
माग अडला की यांना बोलावणं यायचं,
शाळेचं काही अडलं की मला.
रोज एक वही यायची घरी,
उद्या काय आणायचं ते लिहिलेली.
मी त्या अक्षरांवर फोन धरायची.
एकदा फोन म्हणाला: उद्या दूध धुऊन आणा.
रात्री बारापर्यंत आम्ही दोघं बसलो,
दूध धुवायचं कसं.
सकाळी सहस्रा डोळे चोळत म्हणाली,
दुधाचा रिकामा खोका गं, धुऊन,
इतकं सहज, की मला रडू आलं.

पुढं तीच माझी दुभाषी झाली.
पालकसभेत पार्कबाई तीन मिनिटं बोलायच्या,
लेक एक वाक्य सांगायची:
मी चांगली आहे म्हणतायत.
मी मान हलवायची. काय करणार?
उरलेली अडीच मिनिटं
अजून कुणी सांगितलेली नाहीत मला.

ताटाला कप्पे. पहिल्या वर्षी
नुसता भात खायची, आणि पिवळा मुळा.
म्हणून मी दप्तरात शेंगाचटणीची पुडी दिली
तर दुपारी शाळेतून फोन:
शेंगदाण्यानं वर्गातल्या एकाचा घसा सुजतो.
शेंगदाण्यानं!
सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या,
मग भाकरीला काय लावत्यात ती माणसं?

पण तीन वाजता, गेटवर,
लेकीनं 'अम्मा' अशी हाक मारली
की दहा-बारा बायका वळून बघायच्या.
त्यांचीही हाक तीच, जरा गोल.
आणि एकुलतं एक लेकरूसुद्धा म्हणतं, आमची आई.
नवऱ्यालाही त्या 'आमचा' म्हणतात.
मला नवल नाही वाटलं. आमच्या तेलुगूत तेच,
मराठीत तर 'आमचे हे' म्हणतातच की,
म्हणून काय सगळ्यांचे होतात?

महिन्यातून एकदा माझी पाळी असायची.
आठ ते पावणेनऊ, हिरवं जाकीट, पिवळा झेंडा,
शाळेपुढचे पांढरे पट्टे.
तिथं भाषा लागायची नाही.
झेंडा आडवा धरला की ट्रक थांबायचा.
एवढं मोठं काही माझ्या हातानं
त्याआधी कधी थांबलं नव्हतं.

परवा अशोक चौकात, सकाळी,
टॉवेलच्या गठ्ठ्यांचे हातगाडे, मोटारसायकली,
रस्त्यापलीकडं शाळा, माझ्या हातात सहस्राचा हात.
सवयीनं दुसरा हात आडवा केला.
एक रिक्षा थांबली.
कुठं जायचंय वैनी?
आता काय सांगू. बसलो.
वीस रुपये घेतले त्यानं, वळसा घालून.

शुक्रवारी म्हेत्रेबाईंचा फोन.
अहो, तुमच्या मुलीचं बघून आणखी चौघी
चपला घेऊन येतायत पिशवीत,
एक तर बाथरूमची स्लीपर घेऊन आली.
बूट दाराशीच, कुणाचे कुठले कळत नाही,
कोडमूरची सुपर्णा दोन डावे घालून घरी गेली.
मी म्हटलं, बाई, एक फळी लागेल.
पलीकडं बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाल्या,
केवढी?